खरबुजावरील बुरशीचे कूळ

रक्तात विष भिनून मरणाच्या दारी पोहोचलेल्या ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायास 1941 च्या फेब्रुवारीत पेनिसिलिन टोचण्यात आले, त्याच्या दुखण्याला उतारही पडू लागला. परंतु त्याच्या मूत्रातून परत मिळवलेले औषध पुन्हा टोचूनही अखेर साठा संपला आणि तो दगावला. औषधाचा गुण सिद्ध झाला होता; वाण होती ती पुरवठ्याची, कारण हे औषध जिच्यापासून काढत ती फ्लेमिंग यांना सापडलेली बुरशी एका मिलिलिटर द्रवात जेमतेम 2 एकके पेनिसिलिन देत असे.

त्याच वर्षी ऑक्सफर्डचे संशोधक फ्लोरी व हीटली ती बुरशी घेऊन अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले, आणि 1943 मध्ये त्याच गावच्या बाजारातील एका बुरसटलेल्या खरबुजावर तिची अधिक उदार भावकी सापडली: पेनिसिलियम क्रायसोजेनम, दप्तरी क्रमांक 1951.

क्ष-किरणांनी फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत पालट घडवता येतो, हे हर्मन मुलर यांनी 1927 मध्येच दाखवून दिले होते. त्या आधारावर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मिलिस्लाव्ह डेमेरेक यांच्या देखरेखीखाली या बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. माऱ्यात बहुतेक बीजाणू मरत, आणि जे तगत त्यांतलेही बहुतेक पूर्वजांसारखेच वा त्यांहून निकृष्ट निघत. किरणांचा आघात कोठे व्हावा यावर कोणाचीच हुकमत नव्हती. म्हणूनच या विद्येचे मर्म मला किरणांपेक्षा निवडीत दिसते. तगलेल्या प्रत्येक बीजाणूची निराळी वसाहत वाढवायची, तिचा द्रव जंतू पेरलेल्या अगरच्या थरावर उभ्या केलेल्या इवल्याशा नळकांड्यात भरायचा, रात्रभर ऊब द्यायची, आणि सकाळी नळकांड्याभोवती जंतुविरहित स्वच्छ कडे किती रुंद पडले ते मोजून टिपायचे. अशा हजारो चाचण्या वाया जात, तेव्हा कोठे एक्स-1612 हे वाण हाती लागले. त्याच्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठात बॅकस व स्टॉफर यांनी जंबुपार किरण सोडून क्यू-176 मिळवले, आणि उत्पन्न मिलिलिटरला सुमारे 900 एककांपर्यंत चढले.

मात्र हे कूळ पेनिसिलिनाबरोबर पिवळे रंगद्रव्यही स्रवत असे, आणि ते काढून टाकताना पुष्कळ औषधाची नासाडी होई. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी पुन्हा किरणांचाच प्रयोग करून रंग न सोडणारी एक शाखा शोधली. तिचे उत्पन्न प्रथम घटले, पण तिच्याच वंशजांतून निवड करीत करीत त्यांनी ती तूट भरून काढली. कारखान्यांनी पुढे अशाच निवडीने जोपासलेल्या वाणांची जनुके तपासली गेली, तेव्हा खरबुजावरच्या बुरशीत एकदाच असलेला, पेनिसिलिन घडवणारा जनुकसमूह त्यांच्यात एकापुढे एक अशा अनेक प्रतींत आढळला.