मॅलेट : एका दुर्मिळ आडनावाचे अस्सल कागद

सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी बिशपच्या हक्काचा बाजार दर शनिवारी भरत असे. पुढे जवळच्याच आय गावात विल्यम मॅलेट या नॉर्मन सरदाराने गढी बांधली आणि तिथेही शनिवारचाच बाजार धरला. बिशपचा बाजार बसला. अखेर हॉक्सनने वार बदलून शुक्रवार घेतला. आयचा शनिवार मात्र कायम राहिला. ही तक्रार १०८६ सालच्या डूम्सडे बुकात नोंदलेली आहे. इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी विल्यम राजाने जी मोठी जमिनीची पाहणी करविली, तिचे हे दफ्तर. मॅलेट या आडनावाच्या ज्या सर्वांत जुन्या इंग्रजी नोंदी हाताशी आहेत, त्यांतली ही एक. तिच्यात पराक्रम नाही, वंशाची थोरवी नाही. दोन बाजारांचे भांडण आहे. म्हणूनच तिच्यावर विसंबावेसे वाटते.

त्याच दफ्तरात विल्यम मॅलेटच्या मृत्यूचाही माग लागतो. १०६९ मध्ये डेन लोकांनी यॉर्क घेतले, तेव्हा तिथला किल्ला सांभाळणारा विल्यम त्यांच्या हाती सापडला. पुढे सफोक-नॉरफोकच्या जमिनींवरून वाद उपस्थित झाले, तेव्हा साक्षीदार काळ सांगतात तो असा: विल्यम पाणथळीत गेला तेव्हा ही जमीन त्याच्या ताब्यात होती, राजाच्या चाकरीत मेला त्या दिवशी होती. सन कुठेच नाही, पण पाणथळ म्हटल्यावर हेरवर्ड या इंग्रज बंडखोराचे ठाणे असलेले ईली डोळ्यांपुढे येते. त्यावरून इतिहासकार त्याचा अंत १०७१च्या सुमारास धरतात. आपल्याकडे वतनाच्या तंट्यातल्या जबान्यांवरून मृत्यूची साले काढावी लागतात, तशीच ही रीत.

याच विल्यमची जास्त गाजलेली कथा मात्र इतकी भक्कम नाही. हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेल्या हॅरल्ड राजाचे प्रेत पुरण्याचे काम विल्यम मॅलेटकडे सोपविले, असे पॉइतिएचा विल्यम हा चरित्रकार लिहितो. लढाईवरचे एक लॅटिन काव्य हेच काम एका निनावी माणसाकडे देते: अर्धा नॉर्मन, अर्धा इंग्रज आणि हॅरल्डचा स्नेही. पुढच्या लेखकांनी दोन्ही मजकूर जोडले आणि मॅलेटची आई इंग्रज ठरवून टाकली. तसे असेलही, पण तसे सांगणारा कागद एकही नाही. एकात नाव आहे, दुसऱ्यात वर्णन आहे, आणि दोहोंमधला पूल आपण बांधलेला आहे.

आता अर्थ. इंग्रजीत मॅलेट म्हणजे लाकडी हातोडा, त्यामुळे रणात हातोड्यासारखे घाव घालणारा तो मॅलेट, ही व्युत्पत्ती लोकांना चटकन पटते. तिला दोन अडचणी आहेत. हातोड्याच्या जुन्या फ्रेंच शब्दातला ल मऊ, य-कडे झुकणारा. मॅलेटच्या जुन्या लेखनात त्याची खूण दिसत नाही. दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते. मध्ययुगातल्या सरदारांना कुलचिन्हात आपल्या नावावर कोटी करण्याची भारी हौस. ल्युसी घराण्याच्या ढालीवर त्याच नावाचे मासे आहेत. नॉर्मंडीतल्या ग्राव्हिलच्या मॅलेटांच्या ढालीवर मात्र तीन सोनेरी बकले आहेत आणि इंग्लंडच्या मॅलेटांच्या ढालीवर तीन सोनेरी शिंपले. हातोडा दोन्हीकडे नाही. आपल्या नावाचा अर्थ हातोडा आहे असे या घराण्याला वाटत असते, तर तो ढालीवर आल्यावाचून राहता ना.

दुसरा तर्क जुन्या फ्रेंचमधल्या 'शापित' अशा अर्थाच्या शब्दाकडे जातो. तिसरा ब्रिटनीच्या संत मालोकडे: मालोचे लाडके रूप मॅलेट. मी तिसऱ्याकडे झुकतो. डूम्सडेचा कारकून टोपणनावांचे पुष्कळदा लॅटिन करतो. वालेरन नावाच्या जमीनदारापुढे तो 'शिकारी' हा शब्द लॅटिनमध्ये लिहितो. मॅलेटला त्याने हात लावला नाही. त्याच्या कानाला ते अर्थवाही विशेषण नसून माणसाचे नावच वाटले असावे. हा अंदाज आहे, निकाल नव्हे.

आडनाव दुर्मिळ का राहिले, हे कागदांतून अधिक स्पष्ट होते. विल्यमचा मुलगा रॉबर्ट सफोकातला बडा जमीनदार झाला, आयला त्याने मठ स्थापला. पण पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत आयची जहागीर घराण्यातून गेली आणि पुढे राजाचा भाचा स्टीफन याला मिळाली. त्यानंतर नाव दिसते ते सॉमरसेटमध्ये. तिथले मॅलेट आणि आयचे मॅलेट यांना घराण्याची वंशावळ सरळ रेषेने जोडते. इतिहासकार तितक्या खात्रीने जोडत नाहीत. या सॉमरसेटच्या शाखेतला विल्यम मॅलेट १२१५ साली मॅग्ना कार्टाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या २५ जणांत होता. त्याच्यामागे वारस राहिल्या त्या मुली. हेलविस नावाची मुलगी ह्यू पॉइंट्झला दिली होती, त्यामुळे जहागिरीचा अर्धा वाटा पॉइंट्झ घराण्यात गेला. जमीन मुलींबरोबर गेली, आडनाव धाकट्या शाखांपुरते उरले.

गावांना मात्र ते चिकटून राहिले. डूम्सडेत शेप्टन हे नुसते शेप्टन आहे, मेंढ्यांचे खेडे. कारण मॅलेट तिथे नंतर आले. आज नकाशावर शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट अशी नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यातले मौल्यवान कागद शेप्टन मॅलेटच्या तुरुंगात नेऊन ठेवले होते, त्यांत खुद्द डूम्सडे बुकही होते.

रोमन लिपीत दोन एल, दोन टी लिहिणारे मॅलेट इंग्लंडात बरेच आहेत. एक एल, एक टी लिहिणारे अगदी थोडे. लेखनभेदावरून कुळे निराळी ठरविणारे लोक कागदांच्या पुढे धावतात. पॅरिशच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू झाल्या, आणि त्यानंतरही कारकून कानाला येईल तसे लिहीत. एकेरी अक्षरांचे लेखन ही जमीनजुमला सांभाळणाऱ्या एका घराण्याने नेटाने जपलेली गोष्ट आहे.

त्याच घराण्यातला चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी इंग्रज रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्याच्या हातून झाला आणि दुसऱ्या वर्षी त्याला बॅरनेटपद मिळाले. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचा दुसरा खंड त्याच्याच वकिलातीचा आहे. पेशवे दरबार रंगविणारा जेम्स वेल्स पुण्यात त्याच्या आश्रयाला होता. त्याची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले.

या मुलग्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. थोरल्या अलेक्झांडरने पुढे बाराव्या शतकातल्या वास या कवीच्या नॉर्मन काव्याचा इंग्रजी अनुवाद १८६० मध्ये काढला. त्या काव्यात हेस्टिंग्जला लढणारा विल्यम मॅलेट आहे. आर्थर मुंबई सरकारच्या चाकरीत होता. घराण्याचा इतिहास त्याने १८८५ मध्ये छापला. आणि ठाण्याचा कलेक्टर असताना मे १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढलेला आणि तिथल्या वस्तीची सुरुवात करणारा मुलगा, त्याचे नाव ह्यू पॉइंट्झ मॅलेट. हेलविसच्या नवऱ्याचे नाव सहाशे वर्षांनी जसेच्या तसे. योगायोग असू शकतो, पण दोन भाऊ कुळाचा इतिहास उकरीत होते त्या घरात तो मला योगायोग वाटत नाही. माथेरानच्या एका झऱ्याला आजही मॅलेट हेच नाव आहे.

लंडनमधला मॅलेट रस्ता या घराण्याच्या जमिनीवर नाही. अलेक्झांडरचा मुलगा एडवर्ड, बर्लिनमधला इंग्रज राजदूत, याने बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी एर्मिनट्रूड हिच्याशी लग्न केले. ब्लूम्सबरीतली ती जमीन तिच्या माहेरची, रस्त्याला नाव मात्र नवऱ्याचे.