लॅटव्हिया : बाजार सर्वांचा, बोजा कोणाचा?

लहान देश मोठ्या बाजारपेठेत सामील झाला की त्याचा विकास आपोआप होतो, असे आपल्याला सतत सांगितले जाते. पुरावा म्हणून बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियाचे नाव हमखास पुढे येते. आकडे पाहिले तर दावा खोटा नाही. २००४ साली युरोपियन युनियनमध्ये जाताना या देशाचे दरडोई उत्पन्न युनियनच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी होते. आता ते ७० टक्क्यांच्या आसपास आहे. पण सरासरीत माणसे दिसत नाहीत. या एकीकरणाची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात मतदानापासून करू. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर लॅटव्हियाने सोव्हिएत काळात आलेल्या, बहुतांश रशियनभाषक लोकांना आपोआप नागरिकत्व दिले नाही. त्यांना ‘बिगर-नागरिक’ असा वेगळा दर्जा मिळाला. २० सप्टेंबर २००३ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, तेव्हा अशा जवळपास पाच लाख लोकांना मताचा अधिकारच नव्हता. युनियनमध्ये कुठेही जाऊन काम करण्याचा नागरिकांचा हक्कही त्यांना मिळाला नाही. बाजार त्यांच्या दारात आला, अधिकार मात्र आले नाहीत.

प्रवेशानंतर स्वीडिश बँकांचा पैसा पुरासारखा आला. घरांसाठी युरोमध्ये सढळ कर्जे वाटली गेली. विकासदर दहा टक्क्यांच्या वर गेला, पण चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या २० टक्क्यांपलीकडे पोहोचली. म्हणजे देश कमावत होता त्याहून कितीतरी जास्त खर्च करत होता. २००८ मध्ये हा फुगा फुटला. नोव्हेंबरमध्ये सरकारला पॅरेक्स ही मोठी देशी बँक ताब्यात घ्यावी लागली आणि डिसेंबरमध्ये नाणेनिधी, युरोपियन युनियन व इतरांकडून साडेसात अब्ज युरोंचे साहाय्य ठरले.

लॅट्स हे चलन युरोशी बांधलेले होते. त्याचे अवमूल्यन केले असते तर युरोमध्ये कर्ज घेतलेली कुटुंबे अडचणीत आली असती आणि परदेशी बँकांचेही मोठे नुकसान झाले असते. सरकारने विनिमय दर राखला आणि त्याऐवजी पगार उतरवले. यालाच ‘अंतर्गत अवमूल्यन’ म्हणतात. शिक्षकांचे पगार कापले, रुग्णालये बंद केली. जानेवारी २००९ मध्ये मूल्यवर्धित कर १८ वरून २१ टक्के झाला, त्याच वेळी आयकर २५ वरून २३ टक्क्यांवर आला. गरिबाच्या पिशवीवरचा कर वाढला आणि कमावत्याच्या उत्पन्नावरचा घटला. २०१० च्या सुरुवातीला बेकारी २० टक्क्यांच्या घरात होती.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा देशांतर्गत किमतींच्या स्थैर्याला महत्त्व दिले होते. चलनाचा निर्णय कधीच तटस्थ नसतो, त्याचा भार कोणत्या तरी वर्गावर पडतोच, हे लॅटव्हियाकडे पाहिले की पटते.

या कपातीला अडवले ते संविधानाने. जुलै २००९ पासून पेन्शन १० टक्क्यांनी आणि काम करणाऱ्या पेन्शनधारकांची तब्बल ७० टक्क्यांनी कापली होती. डिसेंबरमध्ये संविधान न्यायालयाने ही कपात रद्द केली. परदेशी कर्जदात्यांना दिलेला शब्द हा सामाजिक सुरक्षेचा मूलभूत हक्क हिरावण्याचे कारण ठरू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

ज्यांना न्यायालय वाचवू शकले नाही, ते देश सोडून गेले. २००० च्या जनगणनेत लोकसंख्या २३ लाख ७७ हजार होती, २०११ मध्ये ती २० लाख ७० हजारांवर आली. जन्मदर कमी होता हे खरे, पण आयर्लंड आणि ब्रिटनला गेलेल्या तरुण कामगारांचा यात मोठा वाटा आहे. बेकारीचा आकडा पुढे खाली आला, त्यामागे ही रिकामी झालेली गावेही आहेत.

१ जानेवारी २०१४ रोजी लॅटव्हियाने युरो स्वीकारला आणि यशाची गोष्ट पूर्ण झाली, असे म्हटले गेले. एकीकरण वाईट आहे, असा माझा मुद्दा नाही. बाजार जोडताना पेन्शन, पगार आणि मताचा अधिकार यांची हमी आधी दिली नाही, तर नफा वर जातो आणि तोटा खाली उतरतो. म्हणून विकासदर सांगणाऱ्याला आपण पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : निर्णय घेताना त्या टेबलाशी कोण बसले होते, आणि बिल कोणाला दिले?