मुळशीचे नाबोथ

जालना शहरास घाणेवाडीच्या तलावाबरोबर पैठणच्या जायकवाडी धरणाचेंहि पाणी मिळतें. त्या धरणाची कोनशिला १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांनीं बसविली. १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें, आणि गोदाकांठचीं अनेक गांवें जलाशयाखालीं गेलीं. तें पाणी पिणाऱ्या आम्हां धर्मबंधूंस ह्या महोत्सवप्रसंगीं अशा गांवांच्या एका जुन्या लढ्याची हकीकत ठाऊक असावी. तो लढा गोदावरीवर नव्हे, तर पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत झाला.

मुंबई शहराच्या गिरण्यांस वीज हवी होती. ती निर्माण करण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें ठरविलें. त्यायोगें मावळांतील सुमारें ५० गांवें व त्यांचीं भातखाचरें बुडणार होतीं. शेतकऱ्यांची संमति न घेतांच काम सुरू झालें. तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, हजाराहून अधिक मावळ्यांनीं जागेवर जाऊन तें बंद पाडलें. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. पुढें अनेकांनीं तुरुंगवास भोगला. त्यांत स्त्रियाहि होत्या.

जुन्या करारांतील नाबोथाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. आहाब राजानें त्यास दुसरा अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊं केली, तरी वाडवडिलांची भूमि त्यानें दिली नाहीं. मावळ्यांचें उत्तर तेंच होतें. परंतु १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा नाबोथाची संमति विचारीतच नसे. तो केवळ किंमत ठरवीत असे.

आणि किंमत कोणाच्या पदरांत पडणार होती? पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवें लागल्या होत्या. त्यांस नुकसानभरपाई नकोशी नव्हती. चिखलांत राबणाऱ्या कुळास मात्र कागदावर फारसा हक्क नव्हता. माझ्या मतें सत्याग्रह तुरुंगानें खचला नाहीं, ह्या फुटीनें खचला. १९२४ पर्यंत तो ओसरला. एकाकी पडलेल्या बापटांनीं कंपनीची आगगाडी अडविण्यासाठीं रुळांवर धोंडे रचले, हातीं शस्त्रहि घेतलें, व त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. (अहिंसेचें व्रत त्यांनीं येथें सोडलें, हें झांकण्यांत अर्थ नाहीं.) धरण पुरें झालें.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७६ सालीं झाला, म्हणजे मुळशीनंतर अर्ध्या शतकानें, आणि जायकवाडीचें उद्घाटन झालें त्याच वर्षीं.