तारापूर, टेफ्लॉन आणि एका झिजेचा इतिहास

१/ बोईसरहून तारापूरकडे निघाले की आधी एमआयडीसीचे कारखाने लागतात आणि पुढे समुद्रकाठी अणुवीज केंद्र. १९६९ साली सुरू झालेले हे भारतातील पहिले अणुवीज केंद्र. त्याच्या इंधनाचा माग काढत गेल्यास एका निसरड्या पदार्थाची कथा हाती लागते. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ ६ एप्रिल १९३८. न्यू जर्सीतील ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत २७ वर्षांचा रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवा वायू शोधत होता. एका नळकांड्यातून वायू येईना. वजन मात्र घटलेले नव्हते. नळकांडे करवतीने कापले, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी आढळली. तेच टेफ्लॉन.

३/ पुढे महायुद्ध आले. युरेनियम समृद्ध करण्यासाठी युरेनियम हेक्झाफ्लुराइड हा अतिदाहक वायू वापरावा लागे. त्यापुढे टिकणारे टेफ्लॉन मॅनहॅटन प्रकल्पाच्या कामी आले. तारापूरचे आरंभीचे इंधन १९६३ च्या करारान्वये अमेरिकेतून येई. त्यातील युरेनियमही याच वायूच्या रूपात समृद्ध केलेले असे.

४/ टेफ्लॉनचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि तिच्याभोवती फ्लोरिनचे घट्ट कवच. साखळी ताठ, गुळगुळीत, दांड्यासारखी. म्हणून ते इतर पदार्थांना चिकटत नाही आणि साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात.

५/ १९६४ साली रेचल मॅकिन्सन आणि डेव्हिड टेबर यांनी टेफ्लॉनच्या घर्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सावकाश घासल्यास त्याचा अतिशय पातळ थर काचेवर उरतो, आणि त्यातील साखळ्या घासण्याच्या दिशेने ओळीत लागतात, असे त्यांना दिसले. यंत्राच्या लेखी ही निव्वळ झीज.

६/ २७ वर्षांनी, १९९१ मध्ये, ‘नेचर’मध्ये जाँ-क्लोद विटमन आणि पॉल स्मिथ यांनी त्याच झिजेला साधन बनवले. तापवलेल्या काचेवर टेफ्लॉन एका दिशेने घासायचे. उरलेल्या थरावर द्रावणातून, वितळलेल्या स्थितीतून वा वाफेतून दुसरा पदार्थ जमू द्यायचा. अनेक बहुवारिके, द्रवस्फटिके आणि लहान सेंद्रिय रेणू त्या थरावर एका दिशेने रांगेत लागले.

७/ असे का घडावे? दोन कारणे संभवतात. टेफ्लॉनच्या साखळ्यांमधील अंतर नव्या स्फटिकातील अंतराशी जुळते. किंवा थरावरील सूक्ष्म सऱ्या वाढीला दिशा देतात, शेतातील सरीत पाणी वाहावे तसे.

८/ एलसीडी पडद्यामागेही हेच तत्त्व आहे. तेथे टेफ्लॉनऐवजी पॉलिइमाइडचा थर कापड गुंडाळलेल्या रुळाने एका दिशेने घासतात आणि द्रवस्फटिके त्या दिशेने मांडली जातात. काच घासून द्रवस्फटिकांना दिशा देण्याचा प्रयोग तर शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच केला होता.

९/ प्लंकेटच्या नळकांड्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १९६४ च्या त्या झिजेची क्वचितच. परंतु ती नोंद टाकाऊ म्हणून वगळली गेली असती, तर १९९१ चे पाऊल पडले असते का? इतिहास वाचताना शोधाच्या क्षणाइतकेच लक्ष अशा दुर्लक्षित नोंदीकडेही द्यावे.