गिटार, घर आणि शेजारी

आमच्या भाच्यानं नरसीच्या घरात इलेक्ट्रिक गिटार आणि लॅपटॉप असा संसार थाटलाय. संत नामदेवांचं गाव, टाळ-वीणेची सवय असलेले कान, आणि मधेच ही गिटार! पोरगं वाजवतं छान. पण स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की म्हणतं, "मामा, डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतंय." स्टुडिओशिवाय हा आवाज यायचाच नाही, तेव्हा गिटार विकून टाकावी असं त्यानं ठरवलंय. दाजींना तर तेच हवंय. विकण्याआधी दोघांनीही हे वाचावं म्हणून हा लेखनप्रपंच.

घरातलं रेकॉर्डिंग ही गरिबाची सोय, हा समज मुळात चुकीचा आहे. १९४८ साली लेस पॉलची 'लव्हर' ही तबकडी आली, ती त्यानं हॉलीवूडमधल्या स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये केली होती. एकट्यानं वाजवलेले गिटारचे आठ थर! एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत आपण वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं. नववा माणूस मदतीला नव्हता, पहिलाच आठ वेळा बसला होता.

अर्थात त्याचा आवाज स्वच्छ होता. रॉकमधला तो जाडजूड, फाटका आवाज हवा तर व्हॉल्व्हचा अँप दमेपर्यंत जोरात चालवावा लागतो, आणि मग शेजारी दारात उभे! यावरचा उतारा टॉम शोल्झनं काढला. हा पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. 'बोस्टन' बँडचा १९७६ चा पहिला अल्बम त्यानं बहुतांशी आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. अमेरिकेत त्याची विक्री पुढं दीड कोटीच्या वर गेली. त्यानं अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारं एक उपकरण बनवलं. अँप पूर्ण ताकदीनं चालतो, पण बरीचशी ताकद उष्णता होऊन जाते आणि स्पीकरपर्यंत थोडीच पोचते. १९८० च्या सुमारास 'पॉवर सोक' नावानं ते बाजारात आलं.

आता माशीबद्दल. गिटारच्या अँपचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. तो चाळणीचं काम करतो. गिटार थेट लॅपटॉपला जोडली की ही चाळणीच नाहीशी होते. बीटल्सनी १९६८ मध्ये 'रेव्होल्यूशन'साठी गिटार मुद्दाम थेट मिक्सरमध्ये घातली, तो ओरखडा त्यांना हवाच होता. भाचेबुवांना नकोय. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये अँपनंतर स्पीकरची नक्कल लावायचीच. ती फुकटही मिळते. त्यात माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज तिखट, कडेला सरकवला की मऊ. आणि डिस्टॉर्शन वाटतं त्यापेक्षा कमी ठेवायचं. दोन-तीन थर एकावर एक आले की ते आपोआप दाट होतं.

राहिली घरघर. एका गुंडाळीचा पिकअप घरातल्या विजेचे पन्नास हर्ट्झ अँटेनासारखे ओढून घेतो. म्हणूनच गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन उलट्या गुंडाळ्यांचा हंबकर केला. तो नसेल तर ट्यूबलाइट बंद करावी, लॅपटॉपचा चार्जर काढावा, बसायची दिशा बदलून बघावी. दाजी, घराचं अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्याच, ते गिटार नसती तरी करायचं होतं.

आणि लाईट गेली की भाच्यानं वैतागू नये. लॅपटॉप बॅटरीवर, घरातल्या सगळ्या तारा गप्प. रेकॉर्ड करायला तीच वेळ उत्तम.