विंडोज सुरूच होत नाही? आधी शोधा ४८ अंकी रिकव्हरी की

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

दुरुस्ती कशी झाली?
आयटी कर्मचाऱ्यांनी अनेक ठिकाणी एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये सुरू केला आणि सदोष फाइल डिलीट केली. मात्र बिटलॉकरने लॉक केलेल्या डिस्कसाठी आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागली. ती नसेल तर डेटा उघडत नाही.

तुम्ही काय कराल?
कंट्रोल पॅनलमधील ‘बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन’मध्ये जाऊन कीचा बॅकअप घ्या. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह करा किंवा प्रिंट काढून ठेवा. फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवली, तर ऐनवेळी उपयोग नाही.