शिडापासून संपापर्यंत



माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्या संपात माझ्या वडिलांची नोकरी गेली आणि माझी शाळाही सुटली. तेव्हा ‘स्ट्राइक’ हा इंग्रजी शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही. तो आमच्या चाळीत राहावयास आला होता. स्ट्राइक म्हणजे संप, एवढे मला पक्के ठाऊक होते. आणि हे अर्धवट ज्ञानच पुढे मला महागात पडले.

१९९४ साली मी एका कारखान्यातील युनियनचा चिटणीस होतो. आमचा एक कामगार आजारी पडून गावी गेला होता. त्याच्या पत्त्यावर कारखान्याचे इंग्रजी पत्र आले. ते घेऊन त्याचा भाऊ माझ्याकडे आला. त्यात ‘स्ट्रक’ असा शब्द होता. तो ‘स्ट्राइक’चा भूतकाळ, हे मी कोशात पाहिले आणि समजलो की, हा मनुष्य संपावर आहे असा व्यवस्थापनाचा आरोप दिसतो. मी ताबडतोब उत्तर धाडले : सदर कामगार संपावर नसून आजारी आहे. आपण चोख काम केले, असे मला वाटले. तीन आठवड्यांनी तो बरा होऊन कामावर गेला, तेव्हा दरवानाने त्याला फाटकातच अडवले. पत्रात लिहिले होते ते एवढेच, की तुमचे नाव हजेरीपटावरून काढून टाकले आहे. ‘स्ट्रक ऑफ’ म्हणजे नावावर रेघ मारली! आणि आम्ही त्याविरुद्ध एक अक्षरही लिहिले नव्हते.

त्या रात्री मी कोश उघडला आणि या एका शब्दाचा मागोवा घेऊ लागलो. मी भाषापंडित नव्हे. परंतु शब्दाला इतिहास असतो आणि तो कष्टकऱ्यांच्या इतिहासापासून वेगळा नसतो, हे मला त्या शोधात कळले.

‘स्ट्राइक’चा आज पहिला अर्थ सांगतात तो ‘मारणे’. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हात फिरवणे, घासणे. धान्य मापताना मापावरची शीग ज्या काठीने सपाट करीत, तिलाही इंग्लंडात ‘स्ट्राइक’ म्हणत. लेखणी कागदावरून फिरवून नाव खोडणे हाही त्याच कुळातला अर्थ. आणि वर असलेले खाली उतरवणे, म्हणजे जहाजाचे शीड किंवा निशाण उतरवणे, यालाही खलाशी ‘स्ट्राइक’च म्हणत.

यात नवल वाटण्याजोगे काही नाही. आपले ‘मारणे’ घ्या. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो, कामाला दांडी मारतो. यात कोणाच्या अंगाला बोटही लागत नाही. आणि ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकाच वाक्यात पहिले मारणे खरे असते आणि दुसरे लाक्षणिक. त्यातले लाक्षणिकच अधिक लागते!

आता शिडापासून संपापर्यंत हा शब्द कसा आला ते पाहू. १७६८ साली इंग्लंडात भाकरी महाग झाली होती आणि मजुरी तेवढीच होती. ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड हे कोळशाचे बंदर. तेथील खलाशी एकत्र जमले, भर चौकात त्यांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा कागद वाचून दाखवला आणि मग ते बंदरातल्या जहाजांवर चढले. शिडांचे आडवे वासे त्यांनी खाली उतरवले. जहाज फोडले नाही, जाळले नाही; केवळ शीड उतरवले. शिडावाचून जहाज हलत नाही आणि खलाशावाचून शीड चढत नाही. मालकाची सारी संपत्ती कोणाच्या हातांवर चालते, हे त्या एका कृतीने दाखवून दिले. मे महिन्यात लंडनजवळ टेम्स नदीतही हेच घडले.

तो वसंत ऋतू सुखाचा मात्र नव्हता. लंडनच्या धक्क्यावर कोळसा उतरवणारे हमालही त्याच सुमारास काम बंद करून बसले होते. खलाशी स्वतःच कोळसा उतरवू लागले, तेव्हा दोघांत मारामाऱ्या जुंपल्या. गरीब गरिबाशी लढला. जुलैत सात हमालांना फाशी दिले गेले. पण शब्द उरला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही, असे कारागीरही काम थांबवले की ‘आम्ही स्ट्राइक केले’ असे म्हणू लागले. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या एकजुटीवर बंदी घातली, ती १८२४ साली उठली. शब्दाला मात्र कोणालाच बंदी घालता आली नाही.

इतर भाषांची वाट निराळी. फ्रेंचांनी हा शब्द पॅरिसच्या नदीकाठच्या चौकावरून घेतला. तेथे काम नसलेले मजूर जमत. ‘हरताळ’ म्हणजे हाटाला टाळे, असे सांगतात. आणि आपला ‘संप’? गुजरातीत या शब्दाचा अर्थ आजही एकोपा असा आहे. इंग्रजाने शीड उतरवण्यावर बोट ठेवले, आपण एकीवर ठेवले. दोन्ही मिळूनच गोष्ट पुरी होते.

ती मुंबईत पुरी झालेली दिसते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरील खलाशांनी निकृष्ट अन्न, पगारातला भेदभाव आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध काम थांबवले. ठिणगी जहाजाजहाजांवर पसरली. त्यांनी ब्रिटिश निशाणे उतरवली आणि त्यांच्या जागी काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे चढवले. आपल्या समितीला त्यांनी ‘संप समिती’ असेच नाव दिले. सरकार त्याला बंड म्हणाले. २२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी खलाशांनी शस्त्रे ठेवली. मग शेकडोंना नोकरीतून काढले. म्हणजे खलाशांनी निशाणे ‘स्ट्राइक’ केली, आणि सरकारने त्यांची नावे ‘स्ट्राइक’ केली! शब्द एकच, पण तो कोणाच्या हातात आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हे जुने पुराण नव्हे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी एकत्र घेतलेली नैमित्तिक रजा हीसुद्धा संप ठरवली आहे. शब्दाचे कुंपण असे पुढे सरकत असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला आपण कुंपणाच्या आत आहोत की बाहेर, हेही कळत नाही.

आमच्या त्या कामगाराचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पटावरून नाव काढणे हीसुद्धा कामगारकपातच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले होते. त्या आधारावर आम्ही भांडलो. दोन वर्षांनी तडजोड झाली. पैसे मिळाले, काम मिळाले नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र तेव्हापासून युनियनच्या कचेरीत दर गुरुवारी संध्याकाळी कोश उघडून बसतो. पत्र घेऊन कोणी आला की आधी त्याच्यासमोर ते दोनदा वाचतो. अर्थ कळला असे वाटले, तरी तिसऱ्यांदा वाचतो.